एपिदाव्रोसच्या वाटेवरचं कोकरू

पोलिक्सेनीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, त्यावर ऑलिव्हची बरणी ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "या वर्षी एपिदाव्रोसचं थिएटर बघायचं म्हणजे बघायचं. नाहीतर मी एकटी जाईन, आणि परत यायचं की नाही ते तिथेच ठरवीन."

आरिस्तिदिसने मान डोलावली. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात दोघं पिरेअसहून ते प्राचीन, उघडं दगडी थिएटर बघायला निघत आणि दर उन्हाळ्यात लिगुरिओ गावात अडकत. रस्ता गावातूनच जायचा आणि रस्त्यालगतच्या ओट्यावर पानागोस बसलेला असायचा. पानागोस म्हणजे त्यांचा कुंबारोस. लग्नात त्यानेच दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवले होते. अशा माणसाच्या दारावरून न जेवता पुढे जाणं म्हणजे नातं तोडणंच. तो अख्खं कोकरू निखाऱ्यांवर चढवायचा आणि ते सगळ्यांच्या पोटात उतरेपर्यंत थिएटरचं फाटक बंद झालेलं असायचं.

"नाफ्प्लिओवरून उलटं जाऊ," आरिस्तिदिस म्हणाला.

"तिथे तुझी आत्या."

"मग बोटीने?"

"बंदरावर तुझा चुलतभाऊ. तुझ्या खानदानाने एक किनारा मोकळा सोडलेला नाही! थाप मार. लाव फोन पानागोसला."

आरिस्तिदिसने फोन लावला. "पानागोस, यंदा जमत नाही रे. पोट बिघडलंय."

"लिंबू घालून सूप करतो, घेऊन आलोच."

"नको, साथीचं आहे!"

"दाराबाहेर ठेवून जाईन."

"अरे, आम्ही घरी नसणारच! थेस्सालोनिकीला चाललोय मेव्हणीकडे, औषधपाण्याला."

पलीकडून लांबलचक सुस्कारा ऐकू आला. आरिस्तिदिसला भरून आलं. इतका जीव लावणाऱ्या माणसाला आपण फसवतोय, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही. ते पोलिक्सेनीने संपवलं.

शनिवारी दोघं शेजाऱ्याची गाडी मागून निघाले. लिगुरिओ आल्यावर पोलिक्सेनी मागच्या सीटवर आडवी झाली आणि आरिस्तिदिसने टोपी नाकापर्यंत ओढली. पण ओटा रिकामा होता आणि चूलही थंड होती.

थिएटर दिसताच पोलिक्सेनीचे डोळे पाणावले. धापा टाकत ती अर्ध्या पायऱ्या चढली आणि आरिस्तिदिस मधल्या गोल दगडावर उभा राहिला. तिथे कुजबुजलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जातं, म्हणून तो हळूच म्हणाला, "सुटलो गं एकदाचे! पानागोसचं कोकरू म्हणजे चप्पल चावल्यासारखं. आणि वाइन? तिच्यात लोणचं मुरेल!"

अगदी वरच्या ओळीत एक बाई खो खो हसायला लागली. ती पानागोसची बायको स्ताव्रूला होती. शेजारी खुद्द पानागोस बसला होता.

तो सावकाश एकेक पायरी उतरून आला. आरिस्तिदिसने उगाच पोट धरलं.

"हेच का तुझं थेस्सालोनिकी?"

"तू... तू इथे कसा?"

"मेल्या, इथून हाकेच्या अंतरावर राहतो मी, आणि आज पहिल्यांदा हे बघतोय! उन्हाळाभर कुणी ना कुणी थिएटर बघायला टपकतं, आणि मी आपला निखाऱ्यांपुढे. तू येत नाहीस म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं, की स्ताव्रूलाला म्हटलं, चल!" मग त्याचा चेहरा पडला. "पण आता भेटलास. आता जेवल्याशिवाय कसं सोडू?"

"फाटक बंद होईपर्यंत कुणी हलायचं नाही!" पोलिक्सेनी वरून कडाडली.

चौघं ऊन उतरेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिले. भुकेने सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा पहारेकऱ्याची पाठ वळलेली बघून स्ताव्रूलाने पिशवीतून एक पुडकं काढलं. त्यात कालचं कोकरू होतं.

आरिस्तिदिस निमूटपणे चावू लागला.

"कसं झालंय?" पानागोसने विचारलं.

आरिस्तिदिसने आधी वरपर्यंतच्या सगळ्या ओळी नीट बघून घेतल्या.

"लोण्यासारखं," तो म्हणाला.