जेवनात का, नाना?

'जेवलात का?' या प्रश्नाला 'हो' म्हणायचं असतं, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दामूनानांना मात्र साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. कुणी जाता जाता "जेवनात का नाना?" म्हटलं, की ते जागीच थांबत, चष्मा पुसत आणि गंभीरपणे सांगत, "नही."

आता दारातल्या माणसानं 'नही' म्हटल्यावर जळगावात कोणती बाई त्याला तसाच जाऊ देईल? लगेच पाट मांडला जाई. एका रविवारी नाना आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि भरीत हाणून बाहेर पडले. समोरच्या अक्कांनी सवयीनं विचारलं. नानांनी तितक्याच गंभीरपणे "नही" सांगितलं आणि चप्पल काढली. मी खिडकीतच उभी होते. माझं भरीत एवढं बेचव झालं होतं का, या विचारानं दिवसभर धुमसत राहिले.

नाना वनखात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी गेली. मुलगा सुरतेला, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. खाण्यावरून टोकलं तर म्हणत, "बाई, भूक कोठे लागस माले? पन घास पोटात गया का जीव थाऱ्यावर येस." खादाड माणसाला काहीतरी सबब लागतेच, असं मी म्हणायची.

मग त्यांच्या पायाला चप्पल लागली आणि जखम महिनाभर भरेना. तपासलं तर साखर. खाणं आवरलं नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी शाळेत शिकवणारी, दुसऱ्याला सुधारायची खोड हाडीमाशी खिळलेली. आळीतल्या बायका गोळा केल्या आणि नियम केला. नानांना जेवणाचं विचारायचं नाही. 'काय नाना, बरं का?' एवढंच म्हणून आत वळायचं.

बायकांनी नियम इतका चोख पाळला की माझ्या वर्गातल्या पोरांनीही कधी पाळला नसेल. नाना प्रत्येक दारापाशी रेंगाळत, चष्मा पुसत आणि पुढे जात. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

तीन आठवड्यांनी पाहिलं तर साखर वाढलेली. मी तणतणत त्यांच्या घरी गेले. नाना भिंतीला टेकून कागदातली शेव खात होते. शेजारी जिलबीचा पुडा. तोंड चालू होतं, पण लक्ष दाराकडे होतं. स्टोव्हपाशी भाकरी आणि मेथीची भाजी झाकून ठेवलेली, घासभरही न मोडलेली.

"हे कुणासाठी रांधलंय?"

"मन्हासाठीच. रोज रांधस. पन एकला ताटवर बसनू का घास उतरत नही. मंग दारवरनी गायले टाकस."

"आणि ही शेव बरी उतरते?"

"शेवले ताट लागत नही, बाई. कोनी समोर नही, हाई ध्यानात येत नही." ते कागदाची घडी करत राहिले. मग म्हणाले, "पहिले बठ्ठा, सारी आळी इचारे, जेवनात का. आते कोनी इचारत नही. मन्हं काही चुकनं का?"

मला फार लाज वाटली. तो नियम माझा होता, हे सांगायचीही हिंमत झाली नाही. तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी रात्री नाना लंगडत दारावरून निघाले, तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "जेवलात का, नाना?" समोरून अक्कांनी डोळे वटारले.

नाना थांबले. चष्मा पुसला. "जेवनू," ते हळूच म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी रीतीप्रमाणे उत्तर दिलं होतं, आणि ते साफ खोटं होतं.

"जा, घरची भाकरी घेऊन या," मी म्हटलं. "साखर नाही, तेलकट नाही, जे रांधलंय ते. इथे ओट्यावर बसून खा."

ते झाकलेलं ताट घेऊन आले. मी पाट मांडला. ताटात मेथीची भाजी होती आणि दोन भाकऱ्या. त्यांनी एक मोडायला घेतली, मग हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"जेवनात का, बाई?"

तासाभरापूर्वीच मी पोटभर जेवले होते.

"नही," मी म्हटलं, आणि समोर बसले.