अठरा हातांची शाळा

आमच्या धुळ्याच्या लाकूडवखारीतून नाना मिस्त्री साईटवर निघाले, की आधी सुतारांच्या पिशव्यांची झडती व्हायची. विडीकाडी चालेल, भांगेची गोळी सापडली तरी नाना मान फिरवतील. पण करवत सापडली की संपलंच! "कापनं ते वखारमा! साईटवर फक्त जोडनं!" असं ओरडत ती काढून घ्यायचे.

शाळा असो की दवाखाना, छपराचा अख्खा सांगाडा ते आधी वखारीच्या अंगणात उभा करत. दोन दिवस त्याखाली बसून भाकरी खात. मग प्रत्येक लाकडावर खुणा घालून तो सुटा करायचा आणि बैलगाडीवर उलटा भरायचा, म्हणजे आधी लागणारं लाकूड सगळ्यात वर. ही खोड इतकी हाडीमाशी खिळलेली, की बाजाराच्या पिशवीतही कोथिंबीर खाली आणि कांदे वर. "फोडणीले आधी कांदाच लागस ना?" कोथिंबिरीचा पार चेंदामेंदा व्हायचा, पण नाना ऐकतील तर शपथ.

मी तिथला कारकून. शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावानं श्रमदानातून शाळेचं जोतं बांधायचं आणि लाकडी छप्पर आम्ही न्यायचं, असं ठरलं. नानांनी जोत्याची लांबी सांगितली सत्तावीस फूट. खेड्यातल्या लोकांना फूट काय कळणार, म्हणून मी शहाणपणा केला आणि गावाला पत्रात लिहिलं, दीड फुटाचा एक हात धरून, अठरा हात.

गाड्या पोचल्या, तर जोतं दीड हात आखूड! त्या गावात शुभकार्याचं माप सगळ्यात वडील माणसाच्या हातानं घ्यायची रीत. मोजलं होतं दामूआबांनी. वयानं वाकलेला, चिमणीएवढा म्हातारा; त्याचा हात तो केवढा!

वखारीचे मालक सोबतच होते. अस्सल सागवान कापावं लागणार म्हणून भडकले. "चूक कोणाची? ज्याची असेल त्यानं आजपासून घरी बसायचं!"

दामूआबा जोत्याकडे बघत हात जोडून उभे राहिले. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. आणि काय सांगू, मी गप्प बसलो. त्याची लाज आजही जात नाही.

"माप मनं चुकनं," नाना म्हणाले.

मग गावच्या सुताराच्या दारात जाऊन स्वतः करवत मागून आणली. एकेक लाकूड स्वतःच कापलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी छप्पर चढलं. मालकांनीही आपला शब्द खरा केला.

परतताना गाडीत मी नानांचे पाय धरले. म्हटलं, "नाना, पत्र माझं होतं. मालकांना सांगून टाकतो."

"गप बसा भाऊसाहेब. मी वळखस तुमनं अक्षर." नाना बैलांकडे बघत राहिले. "तुमीन घर बसनात ते तुमनी बायको इचारी, काय जयं म्हनीसन. माले इचारनारं कोन शे?"

सहा वर्षं शेजारी बसून भाकरी खाल्ली होती. त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे मीही कधी विचारलं नव्हतं.