लग्न लावणाऱ्या बाईंचा चष्मा

उजवी काच

चष्म्याच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. माझ्या हातून काच चुकीची बसली, असं कुणी म्हणून तर दाखवावं!

म्हणूनच लेकीला म्हणालो, "लग्न लावणाऱ्या बाई ना? दुकानात पाठव. बाकी माझ्यावर सोड!"

या बाईंची पद्धत अशी, की आधी जोडप्याकडून त्यांची गोष्ट ऐकायची आणि लग्नात सगळ्यांसमोर तीच सांगून लग्न लावायचं. लेकीने त्यांना फोनवरच ठरवलं होतं. ती आणि होणारे जावई त्यांना दुकानातच भेटणार होते.

बाई आधी आल्या. आल्या त्या थेट आमच्या काचेच्या दारावर! फ्रेमचे दोन तुकडे. (आमचं दार फार स्वच्छ असतं. बायको पुसते.)

"बसा, आत्ता नव्या गोल फ्रेममध्ये काचा घालून देतो," मी म्हणालो.

बाई आम्हा नवराबायकोच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मधोमध बघत गोड हसल्या. "मग, तुम्ही दोघं भेटलात कसे?"

मला वाटलं, आधी घरच्यांची चौकशी असेल.

"इथेच. ही चष्मा करायला आली. मग सारखीच यायला लागली. काडीचा स्क्रू सैल व्हायचा."

"मी करायचे," बायको म्हणाली.

"काय?"

"सैल. घरी. सुरीच्या टोकाने."

माझ्या हातातली काच निसटता निसटता राहिली. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझंच काम कच्चं! त्या धसक्याने तर मी धंदा शिकलो!

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"किती गोड भांडता हो!" बाई म्हणाल्या. "आवाज मात्र दोघांचेही बसलेत."

"लग्नाची दगदग!" मी म्हणालो.

तेवढ्यात लेकीचा फोन. गाडी बंद पडलेली. "येऊच नका! बाईंनी सगळं विचारून घेतलं," मी म्हणालो.

"बाबा, नक्की?"

"नक्की म्हणजे काय!"

बाईंनी नवा चष्मा चढवला, आरशाचा प्रेमाने निरोप घेतला आणि दार चाचपत गेल्या. नव्या फ्रेमची सवय नसेल, म्हटलं.

डावी काच

दुसऱ्याच दिवशी लग्नाचा हॉल. पुढे लेक आणि जावई.

"या मुलाचं चष्म्याचं दुकान," बाईंनी सुरुवात केली, "आणि ही मुलगी तिथे चष्मा करायला आली..."

जावई पोहायला शिकवतात. लेकीला चष्मा नाही. यांचं जमलं ते तलावात, हे सगळ्या हॉलला ठाऊक!

"तलावात दुकान कसलं?" विहीणबाईंनी मला विचारलं.

"...आणि रोज घरी सुरीच्या टोकाने..."

"सुरी?" विहीणबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

लेकीचा एवढा एक दिवस, आणि तोच मी मातीत घातला!

लेक वळली. "बाबा?"

"अगं, मला वाटलं..."

ती आमच्याकडे बघतच राहिली. मग बाईंना म्हणाली, "ही आईबाबांची गोष्ट आहे. पण थांबू नका. घरात हे दोघं 'गॅस बंद केला का' यापलीकडे बोलत नाहीत. ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती."

बाईंनी शेवटपर्यंत सांगितली. बायको पूर्ण वेळ चपलेकडे बघत होती.

मग जावई खाकरले. "आमची छोटीशी आहे. ही बुडतेय असं वाटलं, म्हणून मी कपड्यांसकट उडी मारली."

"पाणी कमरेएवढं होतं," लेक म्हणाली.

हॉल हसला. लग्न लागलं.

स्क्रू

बाईंचा चष्मा मागून घेतला. उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे! (सुरीचं कळलं तेव्हा काचाच बसवत होतो, सांगितलं ना.) स्क्रूड्रायव्हर खिशात असतोच. तिथेच बदलून दिल्या.

बाईंनी आम्हाला नीट पाहिलं आणि ओरडल्या, "अगंबाई! तुम्ही तर म्हातारे आहात!"

बायकोने आपला चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "माझाही बघा जरा. सैल झालाय."

पाहिला. चांगला घट्ट होता.

तरी बराच वेळ पिळत बसलो.