सेतुरावांचे नातेवाईक

सेतुरावांना एकूण भाऊ किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सरकारी इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात त्यांचा कुणी ना कुणी कायम पडलेला असे. कधी मेहुणा, कधी आतेभाऊ. एकदा तर छातीपर्यंत दाढी असलेला रहमतुल्ला त्यांचा सख्खा मावसभाऊ होता. कपाळावर गोपीचंदन लावलेले सेतुराव हे खुशाल तोंड वर करून सांगत आणि सिस्टर मुकाट्यानं लिहून घेई.

तांबरम स्टेशनाजवळ एका ट्रस्टचा दवाखाना होता, फलाटावर आणि फूटपाथवर राहणाऱ्यांसाठी. दवाखाना म्हणजे मंगल कार्यालयाची भांडी ठेवायची खोली, आणि दारावर देणगीदारांच्या नावांचा त्या खोलीपेक्षा मोठा बॅनर. नवऱ्याच्या नोकरीमागून मी साताऱ्याहून तमिळ मुलखात, वेलचेरीला आले होते आणि दर शनिवारी या दवाखान्यात रोगी तपासायची. बँकेतून निवृत्त झालेले सेतुराव रांग सांभाळत. रोग्याचं दुखणं बळावलेलं असलं की आम्ही त्याला इस्पितळात पाठवायचो आणि तिथं पहिला प्रश्न यायचा, अटेंडर कोण? म्हणजे उशाशी बसणारा, औषधं आणणारा, बेडपॅन उचलणारा घरचा माणूस. तो नसेल तर चला परत. ज्याला घरच नाही त्यानं घरचा माणूस आणायचा कुठून? असले नियम करणाऱ्याला एकदा भर तापात फलाटावर निजवायला हवं.

यावर सेतुरावांनी काढलेली तोड म्हणजे हे नातेवाईक.

ते मूळचे तंजावरचे. त्यांची मराठी ऐकताना कुणी बखर वाचून दाखवतंय असं वाटे, फक्त मध्येच तमिळ शब्द यायचे. 'पावम' हा त्यातला लाडका, म्हणजे बिचारा. "पावम, आपलाच मनुष्य होय," असं मला सांगायचे आणि लगेच त्या आपल्या मनुष्यावर खेकसायचे, अंघोळ का केली नाहीस, विडी का ओढलीस. डब्यातला दहीभात त्याला द्यायचे, पण वरून टाकून, शिवाशिव पक्की. मग त्याचीच जखम स्वतः धुवायचे आणि घरी जाऊन अंघोळ करायचे. तुमच्या सोवळ्याचं काही खरं नाही, असं मी एकदा म्हटलं, तर कितीतरी दिवस माझ्याशी तुटक वागले.

मुरुगेसन हा फलाटावर राहणारा म्हातारा हमाल. साखरेच्या आजारानं त्याचा पाय काळा पडला होता. आजच दाखल केलं नाही तर पाय जाईल, कदाचित माणूसही, असं मी सेतुरावांना सांगितलं. ते त्याला रिक्षात घालून घेऊन गेले आणि आपला धाकटा भाऊ म्हणून उभा केला.

सिस्टरचा संयम त्या दिवशी संपला. तुमचं खानदान फारच आजारी असतं, म्हणाली, आता रेशनकार्ड दाखवा. अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या गळ्यात, तिला तरी किती बोलणार? सेतुराव मात्र तमिळमध्ये शांतपणे म्हणाले, "तुमचा भाऊ तुमचाच आहे, हे तुम्हाला कुणी सिद्ध करायला सांगितलंय का?"

दार उघडलं नाही. मी चिठ्ठी दिली, फोन केले, सगळीकडं एकच उत्तर. सेतुराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मोठ्या डॉक्टरांची नजर पडली आणि खाट मिळाली, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. मुरुगेसन गेला. प्रेत रीतसर भावाच्या ताब्यात दिलं. जिवंतपणी जे नातं चाललं नाही ते मेल्यावर बरोबर चाललं. अग्नी सेतुरावांनीच दिला. आमच्या ट्रस्टनं अहवालात 'पुढील उपचारांसाठी पाठवले' एवढंच लिहिलं.

पुढच्या शनिवारी सेतुराव आले नाहीत. रुसले असतील म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेले. दाढी वाढलेली, कपाळ मोकळं, चटईवर एकटेच बसलेले.

"लांब राहा, डॉक्टरबाई. सुतक आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कुणाचं सुतक? सिस्टरपुढं मारलेली थाप होती ती. इथं कोण बघतंय?"

ते भिंतीकडं बघत म्हणाले, "माझा सख्खा थोरला भाऊ तंजावरास वारला. आमचें बोलणें तुटलें होतें, मला कुणी कळविलेंच नाही. वर्ष उलटल्यावर कळलें. इतक्या उशिरा कळलें तर नुसती अंघोळ करावयाची, असें भटजी म्हणाले. दोन तांबे पाणी ओतलें, आणि भाऊ संपला."

मी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर बसले.

"ह्याचें तरी नीट करूं द्या," ते म्हणाले.