शैलाताई बसून बघतात

आमच्या धारच्या शैलाताई बसून बघितल्याशिवाय कोणतीही वस्तू पास करत नाहीत. दुकानात खुर्ची घ्यायला गेल्या, तर तिच्यावर बसून अख्खा पेपर वाचतात. पार्षद, म्हणजे नगरसेविका, झाल्यावर पालिकेच्या नव्या कचरागाडीत ड्रायव्हरशेजारी बसून त्यांनी अर्धा वॉर्ड पालथा घातला. शववाहिका आली तेव्हा मात्र सगळे चार हात लांब उभे राहिले. ताईंनी चपला काढल्या, आत शिरल्या आणि चक्क आडव्या झाल्या.

"ताई, अहो काहीतरी काय!" मी ओरडले.

"दणके बसतायत गं," आतून आवाज आला. "ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं कुणी बघायचं?"

आठवड्याभरात गाडीत गादी आली.

मी पालिकेत बाबू. बायकांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत मांडूहून निघून नालछ्यावरून आमच्या धारला संपणार असं ठरलं, तेव्हा तयारीवर नजर ठेवायला पालिकेनं निगरानी समिती नेमली. अध्यक्ष शैलाताई. फाइल घेऊन त्यांच्यामागे फिरायला मी.

"सुनीता, एवढ्या देशांच्या पोरी येणार. बसून बघू," ताई म्हणाल्या आणि सुरू झाल्या. तात्पुरती शौचालयं त्यांनी आतून कडी लावून एकेक तपासली. एकाची कडी अडकली. आम्ही बाहेरून दार ओढतोय आणि आतून ताई शांतपणे सांगतायत, "लिही गं, चार नंबर नापास."

खरी लढाई झाली ती प्रेक्षकांच्या गॅलरीवरून. कन्याशाळेच्या मुली तिथे बसणार होत्या. शर्यतीला दोन दिवस राहिले होते. ताई सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसल्या, जरा हलल्या, आणि अख्खी गॅलरी कुरकुरली.

"मॅडम, इतना तो चलता है," खालून ठेकेदार म्हणाला. "साइन कर दो, साहब लोग आ रहे हैं."

"भिया, आप ऊपर आओ. मेरे बाजू में बैठो."

ठेकेदारानं एक पाय पायरीवर ठेवला, वर बघितलं आणि पाय काढून घेतला.

"आप नहीं बैठते, और बच्चियों को बैठाओगे? अब मैं यहीं बैठी हूँ."

सकाळचे दहा वाजले होते. मुख्याधिकारी आले, समजावून गेले. उन्हं चढली. मी छत्री आणि पोहे घेऊन एकेक पायरी चाचपत वर गेले. "ताई, खाली तरी या. पडलात तर?"

"पडले तर एकटी पडेन. ते परवडलं."

चार वाजता वेल्डिंगवाले आले. नवे टेकू लागले, बोल्ट कसले गेले. ताईंनी तरीही सही केली नाही. मुख्याधिकाऱ्यांसकट अख्खी पालिका वर बोलावली आणि हुकूम सोडला, "उड्या मारा!" आम्ही फायली छातीशी धरून उड्या मारल्या. गॅलरी हलली नाही. मग सही झाली.

शर्यत छान झाली. पहिल्या पोरी वाऱ्यासारख्या आल्या, बक्षिसं झाली, फोटो झाले, गर्दी पांगली. बॅरिकेड उचलायला माणसं आली, तेवढ्यात वायरलेसवाला हवालदार म्हणाला, "एक लड़की अभी पीछे है. बहुत पीछे."

ताई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "एक भी बॅरिकेड नहीं हटेगा."

वाहतूक खोळंबली होती, हॉर्न वाजत होते. पाऊण तासानं ती दिसली. गुडघा सोललेला, तोंड धुळीनं माखलेलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या, मग मी, मग हवालदारानं. रेषा ओलांडून ती सायकलवरून उतरली आणि रडायला लागली. ताईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि सरळ मराठीत विचारलं, "आलीस बाळा?"

तिला काय कळलं कोण जाणे. तिनं मान हलवली.

मी ताईंना स्कूटरवरून घरी सोडायला निघाले. वाटेत मागून म्हणाल्या, "हे गेल्यापासून मला कुणी विचारलं नाही गं, आलीस का म्हणून. पोचल्यावर विचारणारं माणूस हवं."

मी स्कूटर जरा हळू केली. फाटकाशी त्या उतरल्या, किल्ली शोधू लागल्या.

"चहा घेशील? तुला उशीर होत असेल."

होत होता. घरी कणीक भिजवायची होती, मुलाचा अभ्यास होता. मी स्कूटर स्टँडला लावली आणि त्यांच्या दारात चपला काढल्या.