आधी लेख, मंग गळा

द्वारकाताईंकडे ब्लाउज शिवायला आलेल्या बाईला आधी लेख वाचावा लागे. तोही मोठ्यानं, कारण ताईंचे हात मशीनवर आणि डोळे सुईवर. एसटी सुटत असली तरी बाईची सुटका नव्हती. "आधी लेख, मंग गळा," हा ताईंचा कायदा.

जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान आहे. सायकलवर गठ्ठा बांधून, खेडोपाडी साड्या विकून मी ते उभं केलं. ओट्यावर ताईंना मशीन मांडायला जागा मीच दिली. बाई शिवायला येईल, कापड माझ्याकडून घेईल, असा माझा साधा हिशेब.

ताई स्टँडवरून दर महिन्याला फॅशनचं मासिक आणायच्या. गिऱ्हाइकाला गळ्यांचे नमुने दाखवावेत, एवढाच माझ्या मते त्याचा उपयोग. पण मासिकवाले साड्यांच्या मधोमध एक लेख घालत. कधी हुंडा, कधी मुलींचं शिक्षण, कधी पंचायतीतल्या राखीव जागा. ताईंनी नेमका तोच धरला.

एकदा एक नव्या सरपंचबाई आल्या. राखीव जागांचा लेख कसाबसा वाचून झाला, तशा ताई म्हणाल्या, "सह्या तुम्ही करता का तुमचे मालक?"

"शिक्का तं माझ्याच पेटीत असतो," बाई लाजून बोलल्या.

"अन् पेटीची किल्ली?"

बाई गळा न निवडताच गेल्या. सोबत माझ्या दोन ब्लाउजपीसची विक्री गेली.

मासिकावरही ताईंचा पुरता भरवसा नव्हता. "ह्या पानावर म्हणते, पोरीचा रंग बघू नका. पलटलं की गोरं व्हायची क्रीम! एका तोंडानं बोल की माय!" असली पानं त्या खळीनं चिकटवून टाकत. मग बायका तीच पानं इस्तरीच्या वाफेनं उघडत. लेख कुणाच्या ध्यानात राहिला नाही. चिकटवलेली पानं साऱ्या गल्लीला पाठ झाली.

एवढंही मी सोसलं असतं. पण शहागडच्या पार्टीचा बस्ता मोडला, ते मी आजही विसरलेलो नाही.

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, दोन्हीकडची माणसं एका गादीवर बसवून. मी सकाळपासून घासाघीस करत होतो. मानाच्या साड्या निघाल्या, नवरदेवाच्या सफारीचं कापड फाडायला मी कात्री उचलली. मुलाचा मामा मात्र अडून बसला होता, "ते ठीक हाय, पण मोटारसायकलचं काय?"

तिकडे नवरीच्या आईनं शालूचं ब्लाउजपीस ताईंकडे दिलं होतं. नवरी बारावी शिकलेली, आवाज खणखणीत. मी ताईंना खुणावत राहिलो, आज नको. ताईंनी मासिक तिच्या हातात दिलंच.

लेख हुंड्यावरचा. पोरीनं असा वाचला की गादीवरचा चहा निवला. मामा उठला. "शेठ, हे दुकान हाय का सभा?"

सगळी वरात दुसऱ्या दुकानात गेली. मी ओट्यावर जाऊन ओरडलो, "ताई, महिनाअखेर जागा खाली करा! मला समाजसुधारणा परवडत न्हाई!"

"करते शेठ," ताई शांतपणे म्हणाल्या. "हातातली कामं तेवढी होऊ द्या."

लग्न मोडलं नाही. मोटारसायकलही ठरली. आठवड्यानं नवरी आईबरोबर ब्लाउज न्यायला आली. आई समोरच्या दुकानात बांगड्या बघत उभी राहिली. मी गादीवर मुद्दाम पाठ करून बसलो होतो, पण कान बंद करता येत नाहीत.

ताईंनी आज मासिक काढलं नाही. ब्लाउज उलटा करून त्या हळूच म्हणाल्या, "हे बघ, काखेखाली अस्तरात खिसा ठेवलाय. यष्टीचं भाडं ठेवत जा त्यात. कुणाला सांगू नको."

"लागंल का ताई?"

"न्हाई लागणार, बाळा. तरी ठेव."

पोर गेली. मला राहवलं नाही. "हे कोणत्या मासिकात आलं?"

"कुठंच न्हाई आलं." ताई सुईत दोरा ओवत होत्या. "सासरहून निघाले तव्हा वडीगोद्रीच्या फाट्यावर दिवसभर उभी होते मी. गाडी यायची, थांबायची, निघून जायची. भाडं नव्हतं. संध्याकाळी सासरचे आले अन् घेऊन गेले परत."

"मग सुटलात कशा?"

"लई वर्षं लागली, शेठ."

मशीन सुरू झालं. मी मशीनजवळची एक चिंधी उचलून बोटांनी चाचपली.

"खिशाला कापड कोणतं लावता?"

"उरलंसुरलं."

"ते घामानं विरतं. पॉपलीन लावा. आत आहे, फाडून घ्या."

"काय भावानं?"

"घ्या म्हणलं ना!" मी खेकसलो, आणि आत जाऊन उगाच ताग्यांच्या घड्या घालत बसलो.