साक्षीला एक रुसलेली बाई

"मावशी, समजा इथे आग लागली तर?" मनस्वीने विचारलं, आणि गुणाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर जायच्या ऐवजी पुन्हा परातीत पडली.

उरण नाक्यामागच्या गल्लीत गुणाबाईचं भाकरी केंद्र आहे. एका शटरचा गाळा, चार शेगड्या, दहा बायका. पनवेलपासून चिरनेरपर्यंत कुठल्याही आगरी-कोळी घरात हळद असली की पाचशे-सातशे तांदळाच्या भाकऱ्या या गाळ्यातून निघतात. उकड काढलेलं पांढरंशुभ्र पीठ, पाण्याचा हात आणि टाळी वाजवल्यासारखी थाप. थापता थापता गुणाबाई गुणगुणते:

पहिली माझी भाकर गो चुलीच्या देवाला,
दुसरी माझी भाकर गो भुकेल्या जीवाला.

पण हळदी सरल्या की हातही रिकामे. मग दहा बायका दहा घरांत बसून पुढच्या लग्नसराईची वाट बघतात. या वर्षी मात्र जासईचा दीपेश आला. त्याचं कंटेनर यार्डात कॅन्टीन होतं, आणि त्याला रोज तीनशे भाकऱ्या हव्या होत्या, बारा महिने. गुणाबाईला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला. अट एकच होती. यार्डाच्या ऑफिसला विमा उतरवलेल्या गाळ्याचाच माल चालतो. शनिवारपर्यंत कागद हवा, नाहीतर काम दुसरीकडे जाणार.

म्हणून सोमवारी सकाळी नवीन पनवेलहून विमा एजंट मनस्वी फॉर्म घेऊन आली होती, आणि आल्या आल्या तिने तो शब्द उच्चारला होता.

"बाय, हिथं असा बोलू नको," गुणाबाई हळूच म्हणाली.

"कसं?"

"तू बोललीस ना आता. तसा. वास्तुदेव दिवसातना एकदा तथास्तु बोलून जातो. कवा जातो ता कोनाला म्हायती?"

"पण मावशी, फॉर्ममध्ये तेवढंच आहे. हे बघा ना. आग, चोरी, पूर, भूकंप, दंगल..."

दहाही बायकांनी पिठाच्या हातांनी कान झाकले. सुनीता, यातली सगळ्यात जुनी, मीठ-मोहऱ्या शोधायला उठली. गुणाबाईने मनस्वीचा दंड धरला आणि तिला थेट रस्त्यावर आणून उभी केली.

"हिथं बोल काय ता. रस्ता सरकारचा. हिथं बोललेला कोन आयकत नाय."

मनस्वी समजूतदार मुलगी होती. तिने रस्त्यावर उभं राहून सगळी संकटं नीट समजावून सांगितली. पण फॉर्मला यादी हवी होती: कोणती वस्तू, किती नग, आणि तिला कशाकशापासून संरक्षण. वस्तू आत, संकटं बाहेर. मनस्वी आत जाऊन शेगड्या मोजायची, बाहेर येऊन "आग" म्हणायची, आत जाऊन परात बघायची, बाहेर येऊन "चोरी" म्हणायची. पाचव्या फेरीला तिला धाप लागली.

"मावशी, मला एक ग्लास पाणी द्या. आणि हे असं संध्याकाळपर्यंत नाही होणार."

"मंग सामानच भायेर काढू," गुणाबाई म्हणाली. तिला हा अगदी सरळ मार्ग वाटला.

बायकांनी पदर खोचले. शेगड्या आल्या, तवे आले, पिठाचे डबे, टोपल्या, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रस्त्यात मांडलं गेलं. सुनीताला तेवढ्यात आठवलं की मघाशी बोललेले पाच शब्द अजून आतच फिरत असतील. तिने रिकाम्या गाळ्यात निखाऱ्यावर चांगला मूठभर ऊद टाकला. शब्द पाच होते म्हणून मूठही मोठी घेतली. शटरखालून धुराचे लोट बाहेर येऊ लागले.

आणि बाहेर, उन्हात, उलट्या डब्यावर गुणाबाई कपाळाला हात लावून बसली होती. चोरीचं कवच घ्यावं की पुराचं, हा पेच तिला काही केल्या सुटत नव्हता.

समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या जीवनने मान वर केली आणि त्याला जे दिसलं त्याचा त्याने आधी फोटो काढला. धूर, रस्त्यावर आलेला संसार, कपाळाला हात. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो फोटो टाकून, खाली हात जोडलेले तीन बाहुले जोडून, मग तो बादली घेऊन धावला. मन चांगलं होतं त्याचं, फक्त क्रम असा होता.

बादली त्याने आत नेऊन ओतली. ऊद विझला. येताना दुसरी भरून आणली ती घाईत मनस्वीच्या फॉर्मवर सांडली.

"अरे काय पन झाला नाय रे," गुणाबाई म्हणाली.

"मावशी, तुम्ही बोलू नका. शॉकमध्ये आहात. बसा तुम्ही."

अर्ध्या तासात गल्ली भरली. केमिस्टवाल्याने भाजल्यावरचं मलम आणलं आणि ते कुणाला लावायचं हे न कळल्यामुळे मनस्वीच्या मनगटाला लावलं. भाजीवाली वांगी घेऊन आली. कुणी जुना तवा आणला, कुणी नवी परात. दुपारी चिरनेरहून टेम्पो आला. ज्या घरच्या हळदीला गुणाबाईने वैशाखात भाकऱ्या दिल्या होत्या, त्या घरच्यांनी तांदळाची अख्खी गोण पाठवली होती.

गुणाबाई प्रत्येकाला सांगत होती, "जळला नाय गो, विम्यासाठी सामान काढलाय." आणि प्रत्येक जण शेजारच्याला सांगत होता, "बघा, काय धीराची बाई आहे."

शेवटी सामान पुन्हा आत लागलं, चारही शेगड्या पेटल्या, तेव्हा लोकांना थोडंफार पटलं. गुणाबाईने गोण, तवा, परात परत करायला काढली. टेम्पोवाल्याने गोण उचललीच नाही.

"परत कशी नेऊ, मावशी? तुमचा जळला नाय म्हनून तांदूळ परत आनला, असा सांगू का घरी? बरा दिसल का?"

सगळे गेल्यावर गुणाबाई त्या गोणीला टेकून बसली. नवरा गेल्यावर पाटा-वरवंटा विकून तिने पहिली शेगडी घेतली, तेव्हापासून ती समजत आली होती की या जगात आपण आणि आपले दोन हात. एवढी माणसं आपल्या नावाने पळत येतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. "मना वाटलेला, माझी भाकर तेवढी लोकांना म्हायती हाय," ती सुनीताला म्हणाली, आणि डोळे पुसताना डोळ्यांत पीठ गेलं.

मनस्वीने बुधवारी कोरडा फॉर्म आणला. शुक्रवारी तपासणीसाठी तिच्याबरोबर कंपनीचे करंदीकर साहेब आले. बारीक चष्म्याचे, बारीक आवाजाचे. त्यांनी शेगड्या पाहिल्या, वायरी पाहिल्या, मान डोलावली.

"सगळं व्यवस्थित आहे. एवढंच सांगा, पूर्वी कधी इथे आग लागली होती का?"

गुणाबाईने त्यांना आधी रस्त्यावर नेलं आणि मग म्हणाली, "नाय."

"छान. शेजारी एकदा विचारतो, पद्धत असते आमची."

करंदीकर समोर जीवनच्या दुकानात गेले. जीवनने बॅग पाहिली, कागद पाहिले, आणि त्याच्या मनात आलं की हाच तो नुकसानभरपाई देणारा माणूस. आपल्या एका शब्दावर मावशीचं भलं व्हायचं आहे.

"आग? साहेब, सोमवारी केवढी लागली! मी स्वतः दोन बादल्या मारल्या. फोटो आहे माझ्याकडे."

केमिस्टवाल्याने सांगितलं की मलमाची अख्खी ट्यूब संपली. भाजीवालीने ज्वाळा छपरापर्यंत पाहिल्या होत्या. सुनीता हे ऐकत दारात उभी होती. खरं काय ते तिला माहीत होतं, पण एवढी माणसं आपल्या बाईसाठी बोलताहेत तर आपण मागे कसं राहायचं? तिने करंदीकरांना आत नेऊन भिंत दाखवली. बारा वर्षांच्या धुराने ती भिंत कोळशासारखी झाली होती.

"बगा साहेब. माझ्या तोंडातना सांगायला नको."

"अगो सुनीते!" गुणाबाई म्हणाली.

"ती लाजते, साहेब," भाजीवाली मागून म्हणाली. "भारी मानी हाय. तुमी लिवा."

करंदीकरांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, फॉर्मवर लिहिलंय, आग कधीच लागली नाही. गल्ली सांगते, सोमवारी लागली. आता फॉर्म खोटा म्हणू की गल्ली? असा अर्ज मला पुढे पाठवता येणार नाही."

गुणाबाईच्या डोळ्यांपुढे दहा बायका रिकाम्या हातांनी दहा घरांत परत जाताना दिसल्या. शनिवार उद्यावर आला होता. तिने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून हात जोडून सांगितलं की बाबांनो, खरं बोला. ते एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "बोललो की खरंच!" मनस्वीने समजावलं की ही भरपाई नाही, विमा आहे, अजून उतरवायचाच आहे. तेव्हा कुठे जीवनचा चेहरा उतरला. "मग नाही लागली, साहेब," तो म्हणाला. "अजिबात नाही."

"आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?" करंदीकर म्हणाले. "तुम्हा सगळ्यांचा यांच्यावर जीव आहे. या जे म्हणतील ते तुम्ही म्हणणार. मला असं कुणीतरी दाखवा, ज्याचं यांच्याशी पटत नाही."

गल्ली विचारात पडली. मग सुनीता खाली बघत म्हणाली, "कमळाबाय."

कमळाबाई दोन गल्ल्या सोडून राहते, तीही भाकऱ्या करते. एकेकाळी दोघी एकाच परातीवर बसायच्या. चार वर्षांत एका शब्दाने बोललेल्या नव्हत्या. करंदीकर पुढे, मनस्वी त्यांच्यामागे आणि सगळ्यांत शेवटी, पदराशी खेळत, गुणाबाई.

कमळाबाई ओटीवर सुकट निवडत होती. करंदीकरांनी विचारलं, "सोमवारी यांच्या गाळ्याला आग लागली होती?"

"आग?" कमळाबाईने मान वर केली, पण गुणाबाईकडे बघितलं नाही. "कसली आग नि कसला काय. फोटो बगून मी उठत-पडत गेलेली हिची जिरलेली बगायला. कोपऱ्यावर उभी रायली तासभर. डोळं भरून बगीन म्हटला, तर काय पन जळला नवता. एक सूपसुदा नाय. नुसता ऊद जाळून गावाला नाचवला हिनी. नाटकी बाय हाय ती, साहेब. पयल्यापासना."

"म्हणजे नुकसान काहीच नाही?"

"कवडीचा नाय. मना केवढा वाईट वाटला."

करंदीकरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान पसरलं. त्यांनी टोपण काढलं, तिथेच ओटीवर बसून लिहिलं, अंगठा नको म्हणणाऱ्या कमळाबाईची सही घेतली. उद्या सकाळी कागद मिळेल म्हणाले, आणि सुकटीच्या वासाने हरखून थोडी विकत घेऊन गेले. एवढ्या मायेनं अडलेलं काम एका बाईच्या रागानं सोडवलं होतं.

गुणाबाई मात्र निघाली नाही. ओटीच्या कडेला टेकली.

"कमळे, तवा चिरनेरच्या हळदीला पावने भाकर उचलून बोलले, अशी भाकर कंदी खाल्ली नाय. ती तुझी होती. मी गप बसली. मना वाटला, बोलू दे माझ्या नावानी."

"म्हायती हाय मना," कमळाबाई सुकट निवडत म्हणाली. "थापलेली मी. मना माझी भाकर वळखू येत नाय का?"

"चुकला माझा."

"चार वर्सा लागली बोलायला."

"रोजच्या तीनशे हायत, गो. आमच्या हातांनी व्हायच्या नाय. तू ये."

कमळाबाईने सुकटीतला एक खडा उचलून रस्त्यावर भिरकावला. मनस्वी अजून उभीच होती. तिच्या हातात शेवटचा कागद उरला होता, काम करणाऱ्या बायकांच्या अपघात विम्याचा. गाळ्याचं काय घ्यायचं, याचा निकाल गुणाबाईने केव्हाच लावून टाकला होता. जे सगळ्यांत कमी त्रासाचं असेल ते. पण हा कागद तिने स्वतः मागून घेतला होता. भांडी काय, गल्ली आणून देते. हात कोण आणून देणार?

"दहा नावं झाली, मावशी. एक ओळ शिल्लक आहे."

"कमळाबाय लिव," गुणाबाई म्हणाली.

मनस्वीने कमळाबाईकडे बघितलं. ती सूप जोरात पाखडत राहिली. मनस्वीने नाव लिहिलं.

"वय?"

"लिव साठ," गुणाबाई म्हणाली. "माझ्याएवडीच हाय."

सूप थांबलं.

"अठ्ठावन," कमळाबाई म्हणाली. "हिच्याहून दोन वर्सांनी लान हाय मी. नीट लिव, बाय."